तपासणीचे शंभर रुपये

दारव्ह्यात मी चष्म्याचं दुकान उघडलं तेव्हा पाटीवर लिहून घेतलं : डोळ्यांची तपासणी शंभर रुपये. पाटी रंगवणाऱ्यानं ब्रश थांबवून विचारलं, "मॅडम, 'मोफत' लिहाचं राह्यलं काय?"

म्हटलं, "नाही जी. शंभरच लिहा."

त्यानं लिहिलं, पण माझ्याकडे बघत बघत.

ही पाटी मी हौसेनं लावली नव्हती, रागानं लावली होती. त्याआधी सहा वर्षं यवतमाळच्या एका मोठ्या चष्म्याच्या दुकानात मी पगारावर होते. तिथं काचेवर हातभर अक्षरांत 'मोफत नेत्रतपासणी' लिहिलेलं आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत मी. आमच्या बंजारा तांड्यावरून नागपूरला जाऊन चार वर्षं डोळ्याचं शिक्षण घेतलेली मी पहिलीच. दिवसाला तीस-पस्तीस माणसं तपासायची आणि संध्याकाळी मालक एकच विचारायचा, "आज किती फ्रेमा गेल्या?"

दीडशेला आणलेली फ्रेम तिथं नऊशेला जायची, शंभराच्या काचा पाचशेला. सगळी कमाई तेवढीच. तपासणी फुकट, म्हणून ज्याचे डोळे धडधाकट निघाले तो माणूस दुकानाच्या लेखी तोटा. एकदा एका शिक्षकांना मी सांगितलं की तुम्हाला नंबर नाही, डोळ्यांतून पाणी येतं ते कोरडेपणामुळे, थेंब लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे जा. ते खुशीत गेले. मालकानं मला गल्ल्याजवळ बोलावलं.

"पाव नंबर तं कोनालेही निघते, मॅडम. तुमाले काहून नाही सापडला?"

त्या दिवशी मी ठरवलं की आपलं दुकान टाकायचं आणि जे काम आपण करतो त्याचेच पैसे घ्यायचे. मग फ्रेम खपवायला कोणाच्या डोळ्यात खोटा नंबर शोधावा लागणार नाही.

ठरवणं सोपं होतं. दुकानाचं भाडं सात हजार. नंबर काढायचं मशीन जुनं घेतलं, तरी त्याचा हप्ता. लाइटबिल, काचा घासून बसवणाऱ्याची मजुरी, फ्रेमांचा माल. महिन्याला पंचवीस हजार गल्ल्यात पडल्याशिवाय माझ्या हाती रुपया लागणार नव्हता. हिशोब साधा होता : दिवसाला आठ-दहा तपासण्या, चार चष्मे, त्यावर बेताचा नफा. कागदावर तो नीट जुळला. माणसांशी जुळेना.

बाजाराच्या दिवशी लोक यायचे, स्टुलावर बसायचे आणि शंभर रुपये ऐकले की उठायचे. "डोये तं नुसते पाह्यचे हाये ना? त्याचे कायले पैसे?" दाढी करणाऱ्याला, पंक्चर काढणाऱ्याला असं कोणी म्हणत नाही. मी पंचवीस मिनिटं एका माणसाच्या डोळ्यांपुढं काचा बदलत बसते, डोळ्याच्या आतला पडदा बघते, मोतीबिंदू आहे का, साखरेनं काही बिघडलंय का ते बघते, ते काम नाही. पुठ्ठ्याच्या डबीत घालून चष्मा दिला की ते काम!

सगळ्यात जास्त बोलल्या तांड्यावरच्या एक काकी. तपासून झाल्यावर मी पावती फाडली तशी त्यांनी ती हातात धरून माझ्या आईला फोन लावला. संध्याकाळी याडीनं मला विचारलं, "आपल्याच मानसाकडून पैसे घेतले तू?" तिचा आवाज खाली गेला होता. मी तिला म्हटलं, "याडी, काकींच्या पोराचं किराणा दुकान हाये. तो मले साखर फुकट देते काय?" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

पहिल्या वर्षी तीन महिन्यांचं भाडं थकलं. अशा वेळी एक ठेकेदार आला.

पांढरी जीप, गळ्यात जाड चेन, बोलणं गोड. झरी जामणीकडच्या एका आश्रमशाळेत मुलांचे डोळे तपासून चष्मे वाटायचं सरकारी काम त्याला मिळालं होतं. शिकलेली तपासणारी हवी होती. "एका चष्म्यामागं तुमाले साठ रुपये," तो म्हणाला.

"अन् तपासणीचे?"

"तपासणीचे वेगळे कायले, मॅडम? ते तं त्याच्यातच आलं."

पुन्हा तेच. मी म्हटलं, तपासलेल्या प्रत्येक मुलामागं वीस रुपये द्या, चष्मा लागो न लागो. त्यानं चहा संपवला आणि म्हणाला, "चाला, लावू तुमचे वीस." लिहून काही घेतलं नाही. थकलेलं भाडं डोक्यावर होतं, हे मी लपवत नाही.

शाळा जंगलाच्या कडेला. मी दोन दिवस तपासलं. तिथल्या एक शिक्षिका बाई स्वतः कोलाम आदिवासी, मुलांशी कोलामीत बोलायच्या. त्या माझ्याशेजारी बसल्या. लहान मुलांना अक्षरं येत नाहीत, म्हणून भिंतीवर इंग्रजी ई सारखी एकच खूण वर-खाली, डावी-उजवी वळवून दाखवायची आणि मुलानं बोटांनी दिशा सांगायची. बाई समजावून सांगत होत्या आणि ज्यांना चष्मा हवा त्यांची नावं स्वतःच्या हजेरीवहीत मागच्या पानावर टिपत होत्या.

चौथीतली एक मुलगी होती. वर्गात सारखी उठून फळ्याजवळ जायची म्हणून शिक्षा भोगायची. तिला सगळ्यात मोठी खूणही दिसेना. उणे पाचच्या काचा लावल्या तेव्हा तिनं आधी फळ्याकडे नाही, बाईंकडे पाहिलं आणि कोलामीत काही विचारलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"इचारते, तुमाले कपाळावर लागलं कधी?" बाई म्हणाल्या. "लहानपनाचा व्रण हाये जी. चार वर्सं शिकवून राह्यली मी हिले."

दोनशेवर मुलं अशी तपासली; जी अडखळली त्यांचीच पुढं सविस्तर तपासणी केली. चष्मा लागणारी अकरा निघाली. ठेकेदार दुसऱ्या दिवशी दुपारी जीप घेऊन आला आणि यादी बघून हसला.

"अकरा? मॅडम, अकरा चष्म्यात माह्या जीपचं डिझेल निघत नाही. साठ तं पाह्यजेच."

"साठ मुलांना नंबर नाही."

"पाव-पाव द्या ना लिहून. पाव नंबरानं कोनाचं काय बिघडते?"

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन मला माझ्या जुन्या मालकाचंच वाक्य ऐकावं लागलं. मी नाही म्हटलं. तो वाद घालत बसला नाही, हे तेव्हाच मला खटकायला हवं होतं. त्यानं छापील फॉर्म काढले. "बरं, अकरा तं अकरा. इथं सह्या करा. शाळेचा शिक्का घ्याले येळ लागते, एखादं पान चुकलं तं पुन्हा तुमाले इतक्या दूर यावं लागन. चार पानं सही करून ठेवा." अकरा नावं पहिल्या पानावर मावली होती. पुढची तीन पानं कोरी. पांढरकवड्याची शेवटची गाडी निघायला अर्धा तास होता. मी सह्या केल्या.

आजही हे लिहिताना माझे कान तापतात. माणसांच्या डोळ्यांत खोटा नंबर लिहायचा नाही म्हणून नोकरी सोडणारी मी, कोऱ्या कागदावर सही करून घरी आले.

दीड महिना ठेकेदाराकडून एक रुपयाही आला नाही. मग त्या बाईंचा फोन आला. "मॅडम, तुमचा चष्मा लावूनही त्या चौथीतल्या पोरीले दिसत नाही." तुमचा चष्मा! आणि मग त्या म्हणाल्या, "साठ पोरायले भेटले चष्मे. तुमची सही हाये यादीवर."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं. दारव्ह्याहून यवतमाळ, यवतमाळहून पांढरकवडा, तिथून काळीपिवळी जीप. शाळेत पोचेपर्यंत दुपार झाली. बाईंनी सगळे चष्मे गोळा करून टेबलावर ठेवले होते. सगळ्यांची फ्रेम एकच, निळी, मोठ्या माणसाच्या मापाची.

मशीन बरोबर नव्हतं, पण लागतही नाही. मी फळ्यावर खडूनं फुली काढली आणि एक चष्मा त्या फुलीसमोर धरून, काचेतून बघत हलवला. काचेत नंबर असला की फुलीही सरकताना दिसते. ही जागची हलली नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग बाईंनीच चष्मे उचलायला सुरुवात केली. साठच्या साठ झाले. एकही फुली हलली नाही. खिडकीला लावतात तशा काचा! ज्या मुलीला उणे पाच हवा होता तिच्या नाकावरही तीच काच. दीड महिना ती रोज सकाळी ती लावून वर्गात बसत होती आणि तरी दिसत नाही म्हणून बोलणी खात होती.

मी तिथूनच ठेकेदाराला फोन लावला.

"साध्या काचेनं कोनाचे डोये फुटले काय, मॅडम?" तो म्हणाला. "अन् सही तं तुमचीच हाये. जास्त बोलसान तं तुमीच अडकसान."

मी फोन ठेवला. बाईंनी मला पाणी दिलं आणि हजेरीवहीचं मागचं पान उघडून समोर ठेवलं. अकरा नावं, प्रत्येकापुढं मी सांगितलेला नंबर, त्या दिवसाची तारीख. "अडकू द्या," त्या म्हणाल्या. "मी येते तुमच्यासंग."

आम्ही दोघी यवतमाळला गेलो, ठेकेदाराला काम देणाऱ्या सरकारी कचेरीत. बाबूनं माझा अर्ज वाचला आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सही तुमची अन् तक्रारही तुमचीच?"

"हो," मी म्हटलं. "कोऱ्या पानावर सही केली ही माझी चूक. तेही अर्जात लिहिलंय. वाचा पुढं."

साहेबांच्या खोलीत गेल्यावर मी जास्त बोललेच नाही. दोन निळे चष्मे आणि माझ्या दुकानातला एक नंबराचा चष्मा टेबलावर ठेवला. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर धरून हलवा म्हटलं. साहेबांनी आधी माझा हलवला, मग निळे हलवले. निळे पुन्हा एकदा हलवले. त्यांनी फाइल मागवली आणि ठेकेदाराचं बिल थांबवायला सांगितलं.

मग म्हणाले, "त्या अकरा मुलांचं तुम्हीच करून टाका ना, मॅडम. समाजसेवा म्हणून."

मी उभी राहिले. "साहेब, तुमचा पगार निघतो. जीपचं डिझेल निघतं. तपासणीसाठी शाळेत मंडप घातला होता, त्याचंही बिल निघालं असेल. मुलांचे डोळे तपासणारीनंच तेवढी समाजसेवा का करायची? चष्मे मी करून देते. पण बिल देईन, आणि तपासणीचं वेगळं देईन."

बाई शेजारी मान खाली घालून बसल्या होत्या. बाहेर आल्यावर पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की जिन्यावर त्यांना थांबावं लागलं.

चष्मे मी लगेच केले. मुलांच्या मापाच्या फ्रेमा, पडल्या तरी फुटणार नाहीत अशा काचा, प्रत्येक मी स्वतः मशीनवर मोजलेली. बिल मंजूर होईपर्यंत मुलांनी थांबायचं कारण नव्हतं. स्वतः जाऊन प्रत्येकाच्या कानामागं दांडी वाकवून बसवली. ती मुलगी चष्मा लावून आपल्या बाकावर बसली, शेवटच्या रांगेत, आणि तिथूनच फळा वाचायला लागली. खूप मोठ्यानं. बाईंनी तिला हळू वाच म्हणून सांगितलं नाही.

सात महिन्यांनी चष्म्यांचे पैसे आले. तपासणीचे आले नाहीत. विचारायला गेले तेव्हा हिशोबाच्या टेबलावरचे गृहस्थ खरोखर हळहळून म्हणाले, "मॅडम, चष्मा या नावाखाली पैसे देता येतात. तपासणी असं हेडच, म्हणजे खर्चाचं खातंच, नाही आमच्याकडे."

म्हणजे दोनशे मुलांचे डोळे कोणी बघितलेच नाहीत. सरकारी कागदावर फक्त निळ्या फ्रेमा आहेत. खिडकीच्या काचांसाठी रकाना आहे, ज्या कामानं अकरा मुलं सापडली त्याला नाही. ठेकेदाराचं त्या शाळेचं बिल अडलं, पण तो आता दुसऱ्या तालुक्यात बायकोच्या नावानं काम घेतो असं ऐकते. चौकशीचं काय झालं म्हणून मी दोनदा विचारलं. सुरू आहे म्हणतात.

दुकानाचं विचाराल तर चालू आहे. थकलेलं भाडं फिटलं, मशीनचे चार हप्ते राहिलेत. नफा म्हणावा असा थोडाच, यवतमाळच्या पगारापेक्षा बहुतेक महिन्यांत कमीच. पण यंदा पहिल्यांदा असं झालं की भाडं नुसत्या तपासणीच्या पैशांतून निघालं, एकही फ्रेम त्यात धरली नाही. गेल्या आठवड्यात मी त्या कचेरीत नवीन अर्ज दिला : शालेय तपासणीसाठी स्वतंत्र हेड उघडावं. बाबूनं तो घेतला, उलटसुलट पाहिला आणि बाजूला ठेवू लागला.

म्हटलं, "आधी पोच द्या. शिक्का मारून, तारीख घालून."

त्यानं शिक्का शोधला. सापडायला दहा मिनिटं लागली. मी तिथंच उभी राहिले.