पिंपळाच्या पानाचे दगड

आजही कोणी म्हटलं, "जाऊ दे वं, जुनी गोष्ट हाये," तर माहं डोकं तापते. तापणारच!

भिलाईत तेव्हा कारखाना उभा होऊन राहिला होता, अन् आमाले नवंकोरं क्वार्टर भेटलं होतं. क्वार्टर पक्कं, पण मागच्या दारापासून नळापर्यंत नुसता चिखल. पहिल्याच पावसाळ्यात मामी, म्हणजे माही सासू, त्यात आपटल्या. कंबर धरली ती धरलीच. तेव्हापासून नळावर जायचं म्हटलं की माहा हात पाहिजे. अन् दुसऱ्याचा हात धरणं म्हणजे त्यायले मरणाहून वाईट.

मी ठरवलं, यंदा पावसाच्या आधी मामीले वाट करून द्यायची. आमच्या लाईनीत नालीचं काम चालू होतं. सांजच्याले उरलेला सिमेंट-गिट्टीचा मसाला मिस्त्री फेकून देत. म्हटलं, भाऊ, फेकता काहून, मले द्या. डब्याचा पत्रा कापून गोल कडं केलं, तेल लावून वाळूवर ठेवलं, मसाला भरून थापीनं सपाट केला. रोज एक दगड. पण नुसता गोल दगड म्हणजे भाकर! मले नक्षी पाहिजे होती. रुआबांधा गावाच्या बाजूले पिंपळ होता. त्याची पानं आणून ओल्या मसाल्यावर दाबली, अन् घट्ट झाल्यावर अलगद काढली. काय सांगू, एक एक शीर उमटली! ओल्या पोत्याखाली ठेवून पाणी मारलं, मग दारापासून नळापर्यंत मांडले.

मामी दारात आल्या अन् दोन्ही हात कानाले! "पिंपळाच्या पानावर पाय ठेवू? देवाच्या झाडावर?"

"मामी, पान नाही ते, ठसा हाये."

"ठसा कोणाचा हाये?"

आता बोला!

पाऊस लागला. माहे दगड चकाचक, अन् मामी त्यायच्या बाजूनं चिखलातून, भिंत धरून. शेजारीण आली, ती बी बाजूनं. आमचे हे कारखान्यात उंच गर्डरवरून बिनधास्त चालत, पण ड्युटीवरून आले की माह्या दगडाले वळसा! "आई म्हणते ना," म्हणे. अरे वा! आई म्हणते ते ऐकू येते, आई पडते ते दिसत नाही.

अन् झालंच. एका सकाळी मामी घसरल्या अन् दगडापासून वीतभर अंतरावर बदकन् बसल्या. मी उचलाले धावली तर माह्या हाताले हिसडा. "पडली तर पडली, पाप तर नाही लागलं!"

माह्या तळपायाची आग मस्तकाले गेली. म्हटलं, तुमचं हाड मोडलेलं देवाले चालते, पाय लागलेला चालत नाही? असा कसा हो देव तुमचा?

लोखंडी सब्बल घेतली अन् भर पावसात एक एक दगड उखडून पालथा घातला. माही सगळी नक्षी चिखलात तोंड घालून! रडून राहिली होती अन् दगड ठोकून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मामी दारात उभ्या. खाली पाहिलं, माह्याकडं पाहिलं. वाकून पहिल्या दगडाले हात लावला, तो कपाळाले लावला, मग पाय ठेवला. नळावर गेल्या, पाणी भरून आल्या. ना भिंत, ना माहा हात.

सांजच्याले म्हणे, "एक दगड सुलटा करून तुळशीपाशी मांड. तिथं कोणाचा पाय पडत नाही." मांडला. त्यावर रोज दिवा लागे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांले बोलावून दाखवत, "शिरा पाहा, माह्या सुनेनं केलं." मी आत सिगडीपाशी बसून ऐकायची. मले सांगाले काय जीभ झडली होती?

मामी गेल्या. क्वार्टर सोडताना तो दगड मी संगं आणला, अन् इथं स्मृति नगरच्या घरी मुद्दाम दारापुढं बसवला. म्हटलं, पूजा बस झाली. पायासाठी केला होता, पायच पडू दे.

पोरं, पाहुणे, सगळे पाय देऊन जातात. अन् मी मेली, येता-जाता वळसा घालते.