दाजींच्या ऍटमायझरचं रीडिंग

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, आणि खरं सांगायचं तर आजवर थोडा हसतच वाचत आलो. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. रीडिंग चुकीचं आलं तर त्याला कारण असतं — वायर सैल असते, सेन्सर खराब असतो, नाही तर बघणारा चुकलेला असतो. माझी सगळी नोकरी याच एका समजुतीवर चालली आहे. तरीही हे लिहितोय, कारण जे घडलं ते मी स्वतः मीटर समोर ठेवून पाहिलं आहे.

२००९चा उन्हाळा. कुवेत, अबू हलीफा. समुद्रापासून दोन गल्ल्या आत, तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. तिथे मी आणि माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, असे दोघेच राहायचो.

दाजींबद्दल आधी सांगायला हवं. आम्ही उदगीरचे. वडील मोंढ्यात हमाल होते. ते गेले तेव्हा मी बारावीत होतो, आणि माझं शिक्षण तिथेच थांबणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं, मीसुद्धा. दाजी तेव्हा एसी मेकॅनिक म्हणून कुवेतला होते. त्यांनी अक्काला फोनवर एवढंच सांगितलं, की प्रकाशचं कॉलेज बंद करायचं नाही. आमच्या घरात डिग्री घेतलेला पहिला माणूस मी, तो त्यांच्यामुळे. पुढे मलाही कुवेतमध्ये तेलक्षेत्रातल्या एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत नोकरी लागली. तेव्हा दाजी एका खोलीत सहा जणांबरोबर राहत होते. त्यांना मी माझ्या फ्लॅटवर आणलं. एवढं तरी मला करता आलं.

दाजींची सिगारेट जुनी. त्या वर्षी त्यांच्या छातीत दुखू लागलं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ही आता सोडा. अक्काचा मला फोन आला. ती रडली वगैरे नाही. म्हणाली, "तिथं तूच हाईस. मला माझा माणूस जिता पाहिजे."

इलेक्ट्रॉनिक सिगारेट तेव्हा नवीन होती. माझ्या कंपनीतला एक फिलिपिनो सहकारी चीनहून मागवायचा. त्याच्याकडून मी दाजींसाठी दोन घेतल्या. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला निकोटीनचं औषध भरायची नळी, आणि मधे ऍटमायझर — त्यात बारीक तार असते, ती तापली की वाफ होते. हे ऍटमायझर फार लवकर खराब व्हायचे. म्हणून दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, मी मल्टीमीटर घेऊन बसायचो. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून वायरचा स्वतःचा रेझिस्टन्स बघायचा, मग ऍटमायझरला क्लिप लावायच्या. अडीच ओहमच्या आसपास आलं तर तार शाबूत. दाजी चहाचा कप घेऊन समोर बसायचे आणि चेष्टा करायचे. "तुला हेच शिकवायला कालेजात घातलं व्हय? एवढं शिकून बिडी मोजायलास."

त्या शुक्रवारी मात्र दाजी समोर नव्हते. सलवा भागातल्या एका बिल्डिंगच्या गच्चीवरचा एसी बंद पडला होता, म्हणून कंपनीने त्यांना सकाळीच बोलावलं होतं. जाताना त्यांनी वापरातला ऍटमायझर माझ्या टेबलावर ठेवला. वाफ नीट येत नाही म्हणाले. दुसरा नवा घेऊन ते गेले.

मी क्लिप लावल्या. २.४. तार ठीक होती. तेवढ्यात आकडा हलला... २.५, २.६, आणि हळूहळू परत २.४. पुन्हा वर, पुन्हा खाली.

क्लिप सैल असेल असं मला वाटलं. दाबून बसवली. तसंच. मग टोकं एकमेकांना टेकवली, आकडा स्थिर. सुट्या भागांच्या डब्यातला न वापरलेला ऍटमायझर लावला, तोही स्थिर. मीटरची बॅटरी बदलली. दाजींचा पुन्हा लावला, आणि आकडा पुन्हा वर-खाली होऊ लागला.

तापलेल्या तारेवरून हवा गेली की तिचा रेझिस्टन्स बदलतो, हे मला माहीत आहे. हवेचा वेग मोजायची उपकरणं त्याच तत्त्वावर चालतात. पण ही तार तापलेली नव्हती. मीटरच्या करंटने ती तापत नाही. खोलीतला एसी बंद केला, ऍटमायझरची दोन्ही तोंडं टेपने बंद केली. आकडा चालूच. आणि मग माझ्या लक्षात आलं, की या वर-खाली होण्याला एक चाल आहे. दोन लहान, मग किंचित अडखळून एक लांब.

दाजी माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचे. झोपेत त्यांचा श्वास अगदी असाच चालायचा. दोन लहान, मग अडखळून एक लांब. मी तो वर्षभर ऐकत होतो.

मी तरीही बघतच बसलो. किती वेळ, सांगता येणार नाही. दोन आवर्तनांमधलं अंतर वाढत गेलं तेव्हा मात्र मी फोन उचलला. रिंग जात होती. पुन्हा लावला. कुणी उचलेना. मी पायात चपला सरकवून खाली आलो आणि टॅक्सी केली.

शुक्रवारची सकाळ, रस्ता मोकळा होता. सलव्यातली ती बिल्डिंग मला ठाऊक होती, पूर्वी एकदा त्यांना हत्यारं द्यायला गेलो होतो. तिथला मिसरी हारिस, म्हणजे इजिप्तचा रखवालदार, दारात बसला होता. त्याने वर बोट दाखवलं — तुमचा माणूस काम करतोय. मी त्याला हाताला धरूनच गच्चीवर नेलं.

दाजी एसीच्या युनिटमागे अरुंद सावलीत कुशीवर पडले होते. तोंड उघडं, ओठ काळेनिळे. छाती हलत होती, पण फार सावकाश. आम्ही दोघांनी त्यांना खाली आणलं. अँब्युलन्स येईपर्यंत हारिस त्यांच्या कपाळावर गार पाणी लावत होता आणि काहीतरी पुटपुटत होता.

हृदयविकाराचा झटका होता, वर उन्हाचा तडाखा. दाजी वाचले. इमर्जन्सीमधल्या केरळी डॉक्टरांनी मला हिंदीत विचारलं की ते पडले तेव्हा सोबत कोण होतं. कुणी नव्हतं, मी म्हणालो. मग तुम्हाला कळवलं कुणी? मी म्हणालो, असाच गेलो होतो. ते पुढच्या पेशंटकडे गेले.

चौथ्या की पाचव्या दिवशी दाजींना वॉर्डात आणलं. मी त्यांना घोट घोट पाणी देत होतो. ते हळू आवाजात म्हणाले, "तू तिथंच होतास की."

मी विचारलं, "कुठं?"

"गच्चीवर. मी पडलो तवा. समोर बसला होतास, मीटर घेऊन." पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "मी वढायलो श्वास, येईना. तुला हाक मारायलो. तू आपला मीटरकडंच बघायलास. मनात म्हणलं, हे लेकरू वर कधी बघल?"

मी मीटरबद्दल त्यांना काही सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. मी उशी नीट केली आणि ग्लास ठेवायला म्हणून बाहेर गेलो.

घरी आल्यावर तो ऍटमायझर मी पुन्हा मीटरला लावला. २.४, स्थिर. नंतर कितीतरी वेळा लावला — एसी चालू ठेवून, बंद ठेवून, शेजारी मोबाइल ठेवून. आकडा हलला नाही. कंपनीतल्या एका सीनियरला, माणसाचं नाव न घेता, फक्त रीडिंगबद्दल विचारलं. ते म्हणाले, कनेक्शन सैल असणार. त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

दाजी त्या वर्षीच कायमचे उदगीरला परतले. सिगारेट सुटली, खरी आणि खोटी दोन्ही. अक्का म्हणते, तू वेळेवर पोचलास म्हणून. मी होय म्हणतो. पण मी टेबलापाशी क्लिपा बदलत होतो तेवढा वेळ ते तिकडे हाका मारत होते, हे तिला माहीत नाही. ते रीडिंग कसं आलं, याचं उत्तर मला सापडलेलं नाही, आणि आता सापडेल असंही वाटत नाही. तीन-तीनदा तपासल्याशिवाय रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही, असं मी हाताखालच्या मुलांना आजही शिकवतो. शिकवताना दर वेळी एक क्षण थांबतो.