आर्विडच्या नावाचा खेळाडू

लिही बाळा, आता मातोकाकाचं लिही. तो आमच्या शेतावर कसा आला ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.

लढाईच्या आधीची गोष्ट. माझा भाऊ आर्विड, तालुक्याच्या त्या छोट्या कॉलेजात गेला होता. आमच्यातला पहिलाच. पानगळीत नाव घातलं, नाताळाला खोकत घरी आला आणि मार्चमध्ये गेला. चर्चमागं पुरला त्याला. आईनंच शेवटची आंघोळ घातली.

मग मका काढायचे दिवस आले. शेजारचा गुस्तावकाका मलईचे डबे तालुक्याला पोचवायचा. एकदा आला तो दारातच टोपी फिरवत उभा.

आई म्हणाली, "काय रे गुस्ताव, गाडी परत खड्ड्यात घातलीस वाटतं?"

"नाही गं हुल्डा. शनिवारी कॉलेजची फुटबॉलची मॅच बघितली. सगळं मैदान ओरडत होतं, आर्विड एकडाल, आर्विड एकडाल. त्याच्या जिवावर सगळ्या मॅच जिंकल्यात म्हणे."

आईच्या हातातला कप तसाच राहिला. "पिऊन आलायस?"

"देवाशपथ नाही."

आपल्या हातानं पुरलेला मुलगा, आणि तरी पुढच्या शनिवारी आई चर्चचा काळा कोट घालून गुस्तावच्या गाडीत बसली. मी म्हटलं, "अगं आई, कशाला?" तर म्हणाली, "तू गप बस." मग मीही मागं चढून बसले.

ती शेवटची मॅच. ती जिंकली की सबंध मोसमात हार नाही, असं त्या कॉलेजात कधी झालंच नव्हतं. लोक मोटारींच्या टपावर चढलेले. आमचा अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊनच पळायचं. एक माणूस चेंडू काखेत मारून, तिघाचौघांना अंगावर घेऊन रेड्यासारखा पळत होता. "दे धडक, आर्विड!" लोक ओरडत होते. डोक्यावर कातडी टोपी, तोंडभर चिखल, कोण ते कळतच नव्हतं. तेवढ्यात सगळे त्याच्यावर कोसळले. ढीग उठला, पण हा काही उठेना.

लोक एका सुरात ओरडायला लागले, "ऊठ आर्विड! ऊठ आर्विड!"

बाळा, आई चालायलाच लागली. सरळ मैदानात! मी मागं धावले. ती गुडघ्यावर बसली, त्याची टोपी काढली, कोटाच्या बाहीनं त्याचं तोंड पुसलं. मोडकं नाक, तिशीचा बाप्या.

"कोण रे तू?"

"आर्विड एकडाल," तो पढवल्यासारखा म्हणाला.

"आर्विड एकडाल माझा मुलगा. मार्चमध्ये पुरलाय मी त्याला."

तो धडपडत उठून बसला. मास्तर, म्हणजे त्यांना खेळ शिकवणारा, धावत आला. त्याच्यावर हा ओरडला, "मेलेल्याचं नाव दिलंत मला? नाव मनानंच रचलंय म्हणाला होतात!"

मास्तर आईला म्हणाला, "बाई, एवढी मॅच होऊ द्या. पोरांचा सगळा मोसम पाण्यात जाईल हो."

मागून कुणीतरी ओरडलं, "ए म्हातारे, घरी जाऊन कोंबड्या राख!"

आईनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. "तुझ्या आईनं काय नाव ठेवलंय?"

"मातो. मातो बारिच. खाणीत कोळसा काढायचो, खाण बंद पडली. हे म्हणाले, जेवण देतो, खोली देतो. पण कॉलेजच्या पटावर नाव असलेलीच मुलं खेळू शकतात, म्हणून हे नाव."

"मग जोरात सांग."

तो लंगडत पंचाकडं गेला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं नाव ओरडला. मग त्यानं अंगातला सदरा काढून गवतावर ठेवला. जिंकलेल्या सगळ्या मॅच पुसल्या गेल्या. कॉलेजची पोरं जमिनीवर बसून हमसून रडत होती. त्यांचा काय दोष? मला अजून वाईट वाटतं.

नोव्हेंबरची थंडी, आणि हा नुसत्या बनियनवर. आई म्हणाली, "गाडीत बस. मका काढायला माणूस हवाच आहे."

गुस्तावकाका म्हणाला, "हुल्डा, शुद्धीवर आहेस ना?"

"तू गाडी हाक."

मका संपला तरी मातो राहिला तो राहिलाच. आर्विडची खोली मात्र आईनं त्याला दिली नाही. स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर निजायचा. आणि बाकीचे गडी, 'ओले' काय नि 'नील्स' काय, नुसत्या पहिल्या नावाच्या हाकेला यायचे, पण याला ती शेवटपर्यंत रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी पूर्ण नावानं हाक मारायची, "मातो बारिच! कॉफी गार होतेय!"

मी एकदा हसले. ती नाही हसली.