घंटेविरुद्धची माझी सही

सायमनकाका गेल्याचं मला लिफ्टमध्ये कळलं. पाचव्या मजल्यावरच्या बाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "ते चर्चचे घंटावाले अंकल होते ना, गेले..." मी खाली उतरले आणि तशीच शाळेत शिकवायला गेले. त्याला आता दीड महिना झाला. मातीलाही मी गेले नाही. का गेले नाही, ते आधी कबूल केल्याशिवाय त्यांच्याबद्दल लिहायला माझा हात धजत नाही.

मरोळचं आमचं चर्च पोर्तुगीज काळातलं, आणि काका तिथली घंटा वाजवणारे, गावठाणातले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. चर्चच्या भिंतीला लागून आमची वस्ती होती. आम्ही जालन्याकडचे बौद्ध, शेजारी गिरणीतलं काम सुटलेले कोकणातले लोक. फादरांकडे हट्ट धरून काकांनी चर्चची विहीर वस्तीला उघडायला लावली, तेव्हा माझ्या बाबांनी दोनदा विचारलं होतं, "सगळ्यांनी भरायचं?" काका वैतागलेच. "सगळ्यांनी म्हंजे सगळ्यांनी! आता दोर धर ना रे!" बाबा हे शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले.

झोपड्या तोडणारी गाडी वळणावर दिसली, की काका अवेळी घंटा वाजवायचे. ती ऐकून बायका हातातलं काम टाकून धावत यायच्या आणि आपापल्या दारात बसून राहायच्या. घराच्या हक्काच्या सभा चर्चच्याच हॉलमध्ये व्हायच्या, आमचा जयभीम तिथल्या छताला लागायचा. त्या घंटेपायी काकांना दोनदा चौकीत बसवून ठेवलं होतं. घर पडलं की कागद चिखलात जातात, म्हणून त्यांनी प्रत्येक घराची एक पिशवी चर्चच्या कपाटात ठेवली होती. रेशनकार्ड, शाळेचे दाखले, जुनी पत्रं, सगळं त्यात. "नाव आणि पत्ता असलेला कागद टाकायचा नाय गो पोरी. तू इथली कशावरून, असं कोण कधी विचारेल, सांगता येत नाय." पुढे पुनर्वसनाच्या वेळी खरंच विचारलं गेलं. त्या पिशवीतल्या कागदांवर आम्ही पात्र ठरलो आणि वस्तीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्हाला घर मिळालं.

मग शेजारच्या टॉवरमधल्या लोकांना सकाळी सहाची घंटा खुपायला लागली. तक्रारीचा अर्ज घेऊन त्यांचे सेक्रेटरी माझ्याकडे आले. "मॅडम, तुम्ही इथल्या जुन्या. तुमची सही वर असली की वजन येईल ना." त्यांनी मला मॅडम म्हटलं, माझ्या सोफ्यावर बसून चहा घेतला... आणि मी हुरळले. सगळ्यांच्या वर सही केली. खाली पत्ता लिहिला आणि कुणी सांगितलं नसताना 'येथील जुनी रहिवासी' असंही लिहिलं. घंटा बंद झाली. त्यानंतर काका रस्त्यात भेटले की "बरी हाय ना गो?" एवढंच विचारायचे. त्यांना माहीत नसेल, असं मी स्वतःला समजावत राहिले. पण त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलणं मला पुन्हा कधी जमलं नाही.

गेल्या रविवारी त्यांची मुलगी रीटा आमची पिशवी द्यायला आली. वर काकांच्या अक्षरात बाबांचं नाव. आत सगळ्यात वर त्या अर्जाची झेरॉक्स, माझ्या सहीसकट. मला तोंड कुठे लपवावं कळेना.

"रीटा, हे..."

"डॅडींना कॉपी दिलेली ना तेव्हा. मी फाडणार होते, तर माझ्यावरच ओरडले. बोलले, तिचं नाव हाय, पत्ता हाय, जुनी राहणारी म्हणून लिवलंय. पिशवीत ठेव. उद्या तिला लागेल."

पिशवी आता माझ्या कपाटात आहे. सही मागे घेत असल्याचा अर्ज मी तीनदा लिहून तिच्यात ठेवला. अजून दिलेला नाही.