फरशीखालचा खड्डा

वाघमारे साहेब नव्या घरात शिरले की आधी उलटा हात पुढे करत. स्विचबोर्ड, फ्रीज, जिन्याचा लोखंडी कठडा, जे दिसेल त्याला बोटांच्या मागच्या बाजूने शिवून पाहत. पहिल्या भेटीत माझ्या बायकोने स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं, तर पेल्यालाही. तिला वाटलं, पेला नीट घासलेला नाही. बिचारी दुसरा घेऊन आली. साहेबांनी त्यालाही उलटा हात लावला.

“तळहात लावला तर करंट मूठ आवळून धरतो, मालक. उलटा लावला तर हात झटकला जातो. सवय हाय, जात न्हाई.”

प्रत्येक घरमालकाला ते ‘मालक’च म्हणत. त्यात आदर किती आणि चिमटा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ते मूळचे कंधारचे. वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर लातुरात दुकानं, दवाखाने, भाड्याची घरं तपासून सुरक्षेचा दाखला देत. शिकवणीला येणाऱ्या मुलामुलींमुळे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरावर मजला चढला होता. मीही चढवला. वीस मुलींचं वसतिगृह, दहा खोल्या, दहा गिझर. जूनच्या आत परवाना हवा होता आणि परवान्याला साहेबांची सही.

मी रुबाबात सगळे दिवे लावून दाखवले. साहेब म्हणाले, “दिवा लागला म्हणून वायरिंग चांगली, हे म्हणजे माणूस गोड बोलला म्हणून खरं बोलला.” मग त्यांनी पिशवीतून दोन वायरी जोडलेला एक साधा बल्ब काढला. त्याची एक वायर करंटला आणि दुसरी अर्थिंगला लावली. बल्ब लागायला हवा होता. लागला नाही. दहाही खोल्यांत लागला नाही.

“अर्थिंगचा खड्डा कुठं हाय?”

खड्डा पार्किंगमध्ये होता. त्यावर मी चकचकीत फरशी बसवली होती, कारण अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं, आणि लातुरात प्यायला टँकर मागवणारा माणूस खड्ड्याला पाणी पाजत नाही. शिवाय फरशी फार सुंदर होती. साहेबांनी शांतपणे समजावलं, की गिझरमध्ये करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट हवी. वाट नसेल, तर तो अंघोळ करणाऱ्या पोरीतून जाणार. फरशी फोडा, मग सही.

मी फरशी फोडली नाही. दुसरा एक सही करणारा शोधला. त्याने सोफ्यावर बसून पोहे खाल्ले, डोक्यावरच्या पंख्याकडे एकदा कौतुकाने पाहिलं आणि दाखला दिला. माझ्या आयुष्यात सगळ्यात महागात पडलेले पोहे ते हेच.

अशा गोष्टी लातुरात लपत नाहीत. तिसऱ्या दिवशी वाघमारे साहेब दारात. आता हे तमाशा करणार म्हणून मी उत्तरं पाठ करून ठेवली होती, पण त्यांनी विषयच काढला नाही.

“मालक, नात शिकवणीला लातूरला यायचं म्हणायलीय. एक खोली पाहिजे.”

मी खूश झालो. म्हटलं, घर तुमचंच आहे.

“गिझर असलेली द्या. पोरीला गरम पाणीच लागतं.”

माझा आवाज जरा खाली आला. “साहेब, तुम्हीच तर घर नापास केलं होतं.”

“मी केलं. पर तुमच्यापाशी दाखला हाय ना आता? मग झालं की.”

टोमणा नाही, डोळ्यांत राग नाही. चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि गेले.

मी संध्याकाळपर्यंत त्या फरशीवर येरझारा घातल्या. शेवटी बायकोला म्हटलं, साहेबांच्या नातीला खोली कशी द्यायची? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आणि बाकीच्या एकोणीस कुणाच्या नाती आहेत?”

सकाळी फरशी फोडली. खाली अर्थिंगची तार तुटलेली निघाली. फरशीवाल्याने मध्ये येते म्हणून छाटली होती आणि वर सिमेंट ओतलं होतं. नवी तार टाकली, मीठ-कोळसा भरला, पाणी सोडलं, वर उघडता येईल असं झाकण बसवलं. साहेब आले. बल्ब लागला. दहाही खोल्यांत लागला. सही झाल्यावर मी विचारलं, नात कधी येते?

साहेबांनी सावकाश चष्मा पुसला. “येईल की. सध्या पाचवीत हाय.”

मी इतका हसलो की गल्ली गोळा झाली. ते हसले नाहीत. पिशवी उचलून पुढच्या घराकडे गेले.

दोन वर्षांपूर्वी साहेब कंधारला वारले. यंदा मे महिन्यात त्यांचा मुलगा दारात उभा राहिला, सोबत दोन वेण्या घातलेली मुलगी. नायगावहून आलेली, अकरावीसाठी. गल्लीत पन्नास वसतिगृहं असताना इथेच का, असं मी विचारलं.

“आजोबा सांगून गेले,” ती म्हणाली. “म्हणले, तिथं मालकानं तुझ्यासाठी फरशी फोडली हाय.”

मी तिला पूर्वेकडची हवेशीर खोली दिली, आणि खाली जाऊन खड्ड्याचं झाकण उघडलं. बादलीभर पाणी ओतलं. मे महिन्यात, लातुरात.