इंद्रायणीकाठची चौपाटी

चार-पाच वर्षं एकाच पायरीवर बसून चहा प्यायलात की किस्से आपोआप साठतात. घरात जुन्या पिशव्या साठतात तसे. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत. आमच्या तिघांचे किस्से लोणावळ्यातल्या एका टॉकीजच्या पायरीवर साठले. त्यातल्या बहुतेकांत गाढव मीच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

काळ साठच्या दशकाच्या मधला. मी सदाशिव शिंदे, रेल्वेच्या मालधक्क्यावर क्लार्क. गाव सुदुंबरे, पण नोकरीपायी लोणावळ्यात खोली घेऊन राहायचो. दिनकर कांबळे रेल्वेतच फिटर होता आणि माउथ ऑर्गन झकास वाजवायचा. तिसरा बबन, टॉकीजचा डोअरकीपर. तो डोंगरातल्या वाडीवरून रोज चालत यायचा.

दर रविवारी सकाळी टॉकीजमध्ये इंग्रजी सिनेमा लागायचा. मॅनेजर कुठून तरी स्वस्तातली प्रिंट आणायचा आणि ती हमखास एकाच जातीची निघायची. समुद्र, वाळू, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या घातलेली पोरं, पोरी, गिटार. कुणीतरी रुसायचं, मग गाणं. कुणीतरी पाण्यात पडायचं, पुन्हा गाणं. आम्ही त्याला ‘चौपाटीचा सिनेमा’ म्हणायचो. आमच्यापैकी एकानेही खरा समुद्र पाहिलेला नव्हता.

लोक विचारायचे, त्यात बघण्यासारखं काय असतं? अहो, त्या सिनेमात कुणाला नोकरी नसते. कुणाचा बाप दिसत नाही. पाऊस तर नसतोच, आणि त्याचं अप्रूप चार-चार महिने ओल्या टॉवेलने अंग पुसणाऱ्या लोणावळेकरालाच कळेल. आठवडाभर पोती मोजून आलो की मला ते ऊन अंगावर पडल्यासारखं वाटायचं. आजही टीव्हीवर असा एखादा सिनेमा लागला की मी जेवण सोडून बसतो.

बबनने मात्र पहिला सिनेमा दारात उभं राहून पूर्ण बघितला आणि शेवटी एकच प्रश्न विचारला.

‘‘समदी हितंच नाचत्यात. मग ह्यांची गुरं कोन राखतं?’’

* * *

या शोला नियमाने येणारं एक कुटुंब होतं. तात्या, म्हणजे गणिताचे रिटायर्ड मास्तर, आणि त्यांची मुलगी कुमुद. ती मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. मुलीचं इंग्रजी ताजं राहावं म्हणून तात्या तिला सिनेमाला आणायचे. मी बरोबर त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसायचो. का, ते सांगायला नको. दोन महिने मी पडदा कमी आणि एक वेणी जास्त बघितली.

एका रविवारी ऑपरेटरने रिळांची अदलाबदल केली. शेवटच्या रिळातलं लग्न आधी लागलं, आणि मग तीच मुलगा-मुलगी वाळूवर एकमेकांची ओळख करून घ्यायला लागली. थिएटरात कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

बाहेर पडताना मॅनेजर घाबरून दारात उभा होता. तात्या त्याच्यापाशी थांबले आणि म्हणाले, ‘‘आज पहिल्यांदाच गोष्ट नीट कळली. आधी लग्न, मग ओळख. बरोबर क्रम आहे.’’

* * *

पोरं पोरींच्या कानात काय बोलतात, हे तात्यांना समजून घ्यायचं असायचं. पण ते मुलीला विचारणं त्यांना प्रशस्त वाटेना. मी रेल्वेत क्लार्क आहे, हे कळल्यावर ते मागे वळून मला विचारायला लागले.

माझं इंग्रजी ‘माल फुटक्या अवस्थेत मिळाला’ एवढं लिहिण्यापुरतं. त्या पोरांचं बोलणं तर मला नळाच्या पाण्यासारखं ऐकू यायचं, नुसता आवाज. पण पुढे कुमुद बसलेली. नाही म्हणणार कसा?

पडद्यावर चांदणं पडलेलं. नायक नायिकेच्या अगदी जवळ सरकून काहीतरी पुटपुटला.

‘‘काय म्हणतोय हो?’’ तात्या.

‘‘तो विचारतोय, तुझ्या वडिलांची तब्येत कशी आहे.’’

‘‘वा. संस्कारी दिसतो.’’

तेवढ्यात नायिकेने त्याच्या कानाखाली आवाज काढला.

‘‘आता का मारलं?’’

मी म्हणालो, ‘‘इतक्या उशिरा चौकशी केली म्हणून.’’

तात्यांनी मान डोलावली. कुमुदला मात्र खोकल्याची मोठी उबळ आली. बाहेर पडताना ती माझ्या बाजूने गेली आणि हळूच म्हणाली, ‘‘तुमचं भाषांतर मूळ सिनेमापेक्षा चांगलं असतं.’’

त्या दिवसापासून मी कामातून गेलो.

त्याच्या पुढच्याच रविवारी तात्या मला म्हणाले, ‘‘रेल्वेची नोकरी, इंग्रजी पक्कं. शिंदे, तुमच्या वडिलांना एकदा भेटायला हवं.’’ मी हवेत. पण नंतर त्यांनी तो विषय काढलाच नाही. आमच्यात मुलीकडच्यांनी बोलणी सुरू करायची असतात, त्यामुळे मी काही बोलू शकत नव्हतो. मी फक्त खुर्चीवर बसून भाषांतर करत राहिलो. एवढं एकच लग्न मला करायचं होतं, आणि ते तात्यांच्या विसराळूपणावर अडून बसलं होतं.

* * *

मधल्या काळात दिनकरने लाटांवर उभं राहायची फळी बनवली. सिनेमात पोरं त्या फळीवर उभी राहून समुद्रातून येतात ना, तशी. भंगारातल्या बाकाची फळी घेऊन त्याने ती रंध्याने तासली, पुढून निमुळती केली, वर लाल रंग दिला. आम्ही ती डोक्यावर घेऊन तळ्यावर गेलो.

फळी उत्तम तरंगली, पण एकटीच. दिनकर वर चढला की ती त्याला बाजूला टाकायची आणि पुन्हा वर यायची. बैल अंगावर बसू देत नाही तसं. शेवटी दिनकरने तिला काठावर ओढलं, चार शिव्या हासडल्या आणि तिथेच सोडून दिली.

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो तर वस्तीतल्या दोन बायका त्या फळीवर धुणं आपटत होत्या. एकीने दिनकरला बघून विचारलं, ‘‘तुमीच केली व्हय ही? लय ब्येस झालीया. आनि एक करा की.’’

दिनकरने केली. खरंच केली.

* * *

मग मॅनेजरने रविवारचा इंग्रजी शो बंद करायचं ठरवलं. येणारे आम्ही मूठभर, त्याचं तरी काय चुकलं? पण माझं सगळं भवितव्य त्या खुर्चीवर होतं. शेवटच्या शोला तात्या म्हणाले, ‘‘आता रविवारी सकाळी मी आणि कुमुद नदीकाठाने फिरायला जाणार.’’

मी पायरीवर दोघांना गोळा केलं. म्हटलं, आपणच नदीकाठी चौपाटी करायची. दिनकर वाजवणार, मी गाणार, सॅंडविच खायची. तात्या आणि कुमुद फिरत येतील, योगायोगाने थांबतील, आणि तात्यांना आपला विषय आठवेल.

बबन म्हणाला, ‘‘आनि कपडे?’’

‘‘सिनेमात घालतात तेच.’’

पट्ट्यांच्या चड्ड्या बाजारात मिळाल्या. राहिले केस. नायकाचे केस अगदी बारीक असायचे, डोक्यावर ब्रश उभा केल्यासारखे. मी न्हाव्याला ते हाताने करून दाखवलं. त्याने सिनेमा पाहिलेला नव्हता, पण माणूस मेहनती होता. मशीन एका बाजूला जरा जास्त खोल गेली म्हणून त्याने दुसरी बाजू जुळवली. मग ती खोल गेली म्हणून पहिली. असं जुळवत जुळवत तो टाळूपर्यंत पोचला.

आरसा समोर धरून तो म्हणाला, ‘‘आता दोन्ही बाजू येकसारख्या झाल्या.’’

झाल्या होत्या. दोन्हीकडे काहीच नव्हतं.

* * *

रविवारी सकाळी आम्ही इंद्रायणीच्या काठावर गेलो. वाळू कसली, खडेच होते. कमरेला चड्डी, खांद्यावर टॉवेल, उघडे तिघे जण, थंडीने कुडकुडत. दगडावर पानाची पत्रावळ मांडून तिच्यात सॅंडविच ठेवली. दिनकर माउथ ऑर्गन पुसत होता. तात्यांचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी समोर येऊन थांबली. बबनच्या वाडीवरची हिरामावशी. बबन टॉवेलात शिरायला बघत होता, पण टॉवेल लहान होता.

तिने आमच्या उघड्या अंगांकडे बघितलं, नदीकडे बघितलं, पत्रावळीकडे बघितलं आणि सगळ्यात शेवटी माझ्या डोक्याकडे. मग मोळी खाली ठेवली.

‘‘दहाव्याला आलाय व्हय रं? कोन गेलं?’’

आम्ही सकाळी सकाळी नागडे होऊन नाचायला आलोय, हे वाडीवर कळलं तर बबनची आई त्याला घरात घेणार नव्हती. तो घाबरून म्हणाला, ‘‘ह्याचा बा गेला, मावशी.’’

‘‘आगं बया!’’ म्हणत मावशी माझ्याशेजारी बसली आणि पाठीवरून हात फिरवायला लागली. मी काही बोलणार तेवढ्यात झाडामागून काठी टेकत तात्या आले. मागे कुमुद.

‘‘ह्या पोराचा बाप गेलाय वो,’’ मावशीने परस्पर सांगून टाकलं. ‘‘आनि कावळा शिवना झालाय.’’

तात्यांनी चपला काढल्या आणि हात जोडून उभे राहिले. कुमुदची नजर चड्डीच्या पट्ट्यांवरून माउथ ऑर्गनवर आणि तिथून सॅंडविचवर गेली. तिने पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे हलायला लागले. तात्या गहिवरून म्हणाले, ‘‘रडू नकोस, बाळ.’’

दिनकरला राहवेना. ‘‘मावशी, आम्ही बौद्ध लोक हे असलं मानत नाही.’’

‘‘मानू नगंस,’’ मावशी म्हणाली, ‘‘पन गप ऱ्हा. कावळा आलाय.’’

खरंच आला होता. दगडाच्या टोकावर बसून तो सॅंडविचकडे मान वाकडी करून बघत होता. त्याने आयुष्यात तसलं काही पाहिलेलं नसावं.

‘‘बापाचा जीव अडकलाय,’’ मावशीने निदान केलं. ‘‘पोराचं लगीन झालंय का?’’

‘‘न्हाई,’’ बबन म्हणाला. या एका बाबतीत तो खरं बोलला.

‘‘मंग त्यातच अडकला आसंल. कुनीतरी शबूद द्या त्याला.’’

तात्यांनी घसा साफ केला, एक पाऊल पुढे आले आणि कावळ्याकडे बघून, वर्गात बोलत तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, ‘‘काळजी करू नका. मुलगी आमची आहे. लग्न आम्ही लावून देऊ.’’

कावळ्याने सॅंडविच उचललं आणि गेला.

‘‘सुटला बिचारा,’’ मावशी म्हणाली आणि मोळी उचलायला उठली.

तात्यांनी माझा खांदा दाबला. ‘‘वर्षाच्या आत उरकावं लागेल, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. पुढच्या रविवारी सुदुंबऱ्याला जाऊन आईंना भेटू. बरोबरच जाऊ आपण.’’

मी तोंड उघडलं होतं. ‘वर्षाच्या आत’ हे शब्द कानात गेले आणि ते मिटलं.

आधी गावी जाऊन वडिलांच्या कानावर घालावं म्हणून पुढचे सहा दिवस मी सुट्टी मागत होतो, पण ती मिळाली नाही. रविवारी तळेगावला उतरून आम्ही एसटी धरली. वाटेत मी निदान तीनदा म्हणालो, ‘‘तात्या, वडिलांबद्दल जरा सांगायचं होतं.’’ तात्या दरवेळी माझा हात हातात घ्यायचे. ‘‘नका बोलू. त्रास होईल तुम्हाला.’’ कुमुद खिडकीबाहेर बघत होती. सगळ्या रस्त्यात तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

घर आलं. तात्यांनी चपला अंगणातच काढल्या, टोपी नीट केली, चेहरा उतरवला आणि हलकेच कडी वाजवली.

आत कुणीतरी जोरात खाकरलं. ‘‘कोन हाय?’’

दार वडिलांनीच उघडलं.

तात्या त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे. वडिलांनी माझ्या डोक्यावरच्या कोवळ्या खुंटांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम पडला.

‘‘आरं, कोन गेलं?’’

माझ्या मागून कुमुद अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘‘हं. करा आता भाषांतर.’’