अण्णांच्या गाडीचा हिवाळा

बंगळुरात उद्या बर्फ पडलाच, तर सगळ्या शहरात एकच माणूस तयारीत सापडेल, आणि तो माझा घरमालक आहे. मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी नऊ वर्षं भाड्याने राहतोय. पुण्याहून आलो तेव्हा दोन वर्षांत परत जाणार होतो. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि परत जाण्याचा विषय त्यांच्यात कुणी काढलाच नाही. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की पहिल्या महिन्यात मला अर्धं कळायचं नाही, आणि दुसऱ्या महिन्यात मीच भाजीवाल्याला भाव 'स्वल्प' कमी करायला सांगू लागलो. सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणते आणि त्यांच्या पत्नीला अक्का. मीही तेच म्हणतो.

अण्णांनी एका सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं लेथ मशीन चालवलं. अशा माणसाला निवृत्त करणं ही समाजाच्या दृष्टीने धोक्याची गोष्ट आहे, हे सरकारच्या लक्षात आलं नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या महिन्यात मला न विचारता माझी स्कूटर खोलली आणि जोडून परत दिली. एक नट उरला होता, तो कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवत म्हणाले, "हा कंपनीनं जास्तीचा लावला होता." मग एका बंद पडलेल्या शाळेची पिवळी मिनीबस त्यांनी घेतली आणि दीड वर्ष खपून तिचं फिरतं घर केलं. आत पलंग आहे, गॅसची शेगडी आहे, बेसिन आहे, पाण्याची टाकी आहे, आणि शेगडी बंद असेल तरच उघडणारं एक कपाट आहे. पडद्यांच्या कापडासाठी अक्कांनी चिकपेटेच्या चार फेऱ्या केल्या आणि शेवटी पहिल्या फेरीत पाहिलेलंच कापड आणलं. मागची 'मुले उतरत आहेत, सावकाश' ही पाटी मात्र अण्णांनी काढली नाही. म्हणाले, "रंग चांगलाय की अजून."

आता एवढं घर चाकांवर बांधल्यावर ते कुठेतरी जाईल, असं तुम्हांला वाटेल. अक्कांनाही वाटलं होतं. त्यांची इच्छा अगदी साधी. डिसेंबरात कारवारला जायचं, समुद्राकडे तोंड करून गाडी लावायची आणि सकाळी पलंगावर पडल्यापडल्या पडदा सारायचा. पण उन्हाळ्यात गाडी आतून भट्टीसारखी तापते, पावसाळ्यात घाट धड नसतात, आणि ज्या महिन्यांत जाण्यासारखं असतं त्या महिन्यांत गाडीचा हिवाळा असतो. त्यामुळे फुटकळ फेऱ्या सोडल्या, तर तिचा एकमेव नेमाचा प्रवास आयुधपूजेचा. त्या दिवशी तिला केळीचे खुंट बांधायचे, चाकांखाली लिंबं ठेवायची, पुढ्यात कोहळा फोडायचा, लिंबं चिरडत देवळापर्यंत जायचं आणि परत येऊन अंगणातल्या फणसाखाली उभं राहायचं. दसऱ्यानंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी ती झाकली जाई, ती थेट मार्चमध्ये उघडे.

हे झाकणं म्हणजे नुसती ताडपत्री टाकणं नव्हे. त्यासाठी अण्णांची एक वही आहे आणि वहीत नंबर घातलेली कामं आहेत. टाकी रिकामी करायची, नळांत फुंकून उरलेलं पाणी काढायचं, बॅटरी काढून घरात आणायची, चाकांवरचा भार विटांवर घ्यायचा, उंदरांच्या वाटा बुजवायच्या. इथवर कुणीही शहाणा माणूस करील. पण पुढे छपरावरचा बर्फ झाडणे असं एक कलम आहे. ते आलं की अण्णा केरसुणी घेऊन शिडीवर चढतात आणि फणसाची पानं झाडतात. थंडीने पाइप फुटू नयेत म्हणून ते जुन्या स्वेटरांनी गुंडाळतात. दिवाणखान्यातल्या चांगल्या खुर्चीवर बॅटरी शाल पांघरून बसते आणि पाहुणे स्टुलावर बसतात. अक्का म्हणतात, "माझ्या गुडघ्यांना शाल नाही, तिला आहे."

मी जातिवंत पुणेकर असल्यामुळे दुसऱ्याची चूक दाखवल्याशिवाय मला अन्न पचत नाही. गाडी झाकली त्या पहिल्याच वर्षी मी म्हणालो, "अण्णा, इथे कुठला हिवाळा?" कानटोपीतून माझ्याकडे पाहत ते आत गेले आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले. ती उलटी केली. तेल जागचं हललं नाही. "गोठलं की नाही?" ते म्हणाले. "आज तेल, उद्या पाणी." तेव्हापासून ती बाटली खिडकीत असते, आणि ज्या सकाळी तेल पांढरं दिसतं त्या सकाळी मला हाक मारून खाली बोलावतात. दुसऱ्या वर्षी त्यांनी ताडपत्री इतकी आवळून बांधली की नोव्हेंबरच्या पावसात आत कोंदट होऊन उशीवर अळंबी उगवली. अक्कांनी सांबार करू का म्हणून विचारलं. अण्णांनी वहीत फक्त 'एक खिडकी बोटभर उघडी ठेवणे' एवढी भर घातली.

या वेडाचं मूळ कॅनडात आहे, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. त्यांचा एकुलता एक मुलगा तिकडे असतो. त्याने तिकडे असंच फिरतं घर घेतलं होतं, आणि तेही अंगणातच, उघड्यावर उभं असे. तिकडचा हिवाळा खरा, त्यामुळे ही सगळी कामं करणं त्याला भाग होतं; त्याचीच यादी अण्णांनी वहीत उतरवून घेतली होती. बापलेकांचं एरवीचं बोलणं दर आठवड्याला दीड मिनिटाचं. "बरंय काय?" "बरंय." "पाऊस?" "आहे." "अम्माला देतो." मुलाने परदेशी जाऊ नये असं अण्णांचं म्हणणं होतं, ते त्यांनी एकदाच सांगितलं आणि मग दोघांनाही त्याभोवतीचं काही बोलता येईना. पण दसऱ्यानंतरच्या त्या रविवारी सकाळी सहाला, म्हणजे तिकडे शनिवारी संध्याकाळी, मुलाचा फोन यायचा. तो त्याच्या अंगणात, हे फणसाखाली. तो तिकडून कलम वाचायचा, दोघं मिळून ते काम करायचे आणि अण्णा "झालं" म्हणायचे. मी वरून गॅलरीतून ऐकायचो. "अप्पा, व्हॉल्व गंजलाय, काय करू?" अण्णा पान्याचा नंबर सांगायचे. "आता इकडं बघ, माझी वायर," म्हणत फोन गाडीखाली धरायचे. दोन-दोन तास चालायचं. बंगळुरात हिवाळा नाही, हे अण्णांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. हे कळल्यावर खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण सवय जात नाही, मी दर वर्षी विचारत राहिलो.

यंदा गणपतीत अण्णा पाण्याची मोटर बघायला वर आले होते. काम करता करता म्हणाले, "तिकडची गाडी विकली त्यानं. पोरांचे क्लास असतात, वेळ होत नाही." मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?" "सरी म्हटलं, बरं म्हटलं. आणि काय म्हणायचं?" मोटर चालू झाली होती, तरी ते बराच वेळ तिच्याकडे बघत बसले.

दसरा झाला. रविवारी सकाळी सहाला मी खाली आलो, तर ताडपत्री घडी घातलेली तशीच होती. अण्णा कानटोपी घालून पेपर वाचत होते.

"अण्णा, आज गाडी झाकायची ना?"

"इथं कुठला हिवाळा," ते पेपरमागून म्हणाले. "तूच म्हणतोस की."

सहा वर्षं हे वाक्य त्यांच्याकडून वदवून घ्यायला मी धडपडत होतो. ते ऐकलं आणि मला फार वाईट वाटलं.

अक्का दारात उभ्या होत्या. गाडी उघडी राहणार म्हणजे डिसेंबर मोकळा, कारवार मोकळं, सगळं त्यांच्या मनासारखं. त्या आत गेल्या, वही घेऊन आल्या आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, "वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं, "एक. टाकी रिकामी करणे." अण्णांनी पेपरचं पान उलटलं. मी पुन्हा वाचलं. तरी काही नाही, तेव्हा मी स्वतःच गाडीखाली वाकलो आणि हाताला आला तो नट पिळायला लागलो. चौतीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला सगळं सहन होतं, पण एक पुणेकर उलटा नट पिळतोय हे बघवत नाही. पेपर खाली पडल्याचा आवाज आला. "सोड, सोड. डिझेल रिकामं करायलास तू."

मग मी वाचत गेलो आणि ते "झालं" म्हणत गेले. पानं झाडली, स्वेटर गुंडाळले, बॅटरी खुर्चीत बसली. ताडपत्रीची शेवटची गाठ मारून होईतो आठ वाजले. वही मिटणार तोच पान उलटलं गेलं आणि मागे आणखी एक कलम निघालं. अक्षर तेच, सुबक, खाली दोन रेघा मारलेल्या. मी थबकलो. ते मी वाचावं असं नव्हतं.

"वाच की," अक्का म्हणाल्या.

"बावीस," मी वाचलं. "जेवलास काय, विचारणे. विसरू नये."

अण्णा फडक्याला हात पुसत राहिले. आपण होऊन त्यांनी मुलाला कधी फोन केला नव्हता. त्याला काम असतं, हे कारण. त्यांनी घड्याळ पाहिलं, बोटांवर तिकडची वेळ मोजली आणि फोन लावला. पलीकडून घाबरलेला आवाज आला, "अप्पा? काय झालं? अम्मा बरी आहे ना?"

"बरी, बरी. काही नाही," अण्णा म्हणाले. "गाडी झाकली. तू जेवलास काय?"

"जेवलो," पलीकडून आलं. मग मुलाने विचारलं, "खिडकी बोटभर उघडी ठेवलीस काय, अप्पा?" अण्णा फोन घेऊन गाडीच्या मागे, ताडपत्रीआडच्या त्या पाटीजवळ गेले. मी वही अक्कांना परत दिली. तुमचं कारवार याही वर्षी राहिलं, असं म्हणालो, तर त्या वही पदराने पुसत म्हणाल्या, "राहू दे. समुद्र कुठं जातोय? त्याला काय परदेशात नोकरी लागलीय काय?"